बाकावरची गुंजन

गुंजन धुमाळ आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये तीन वर्षं होती, आणि या तीन वर्षांत ती जितका वेळ खेळली त्याहून जास्त वेळ मी मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडले असेन. तसा माझा आणि बास्केटबॉलचा संबंध एवढाच, की मुलींची टीम बाहेरगावी निघाली की बरोबर एक बाई पाहिजे असा नियम आहे. प्राध्यापक बायकांना नेमके तेव्हा पेपर तपासायचे असतात, नाहीतर सासूबाईंचे गुडघे दुखायला लागतात. मग ऑफिसातल्या जयाताई, म्हणजे मी, आहेतच. देवासहून टीम निघाली की माझी पिशवी, माझी पाण्याची बाटली आणि माझा तापट स्वभाव असे तिघं बसमध्ये चढतो.

गुंजनला मात्र मी कॉलेजच्या आधीपासून ओळखते. तिचे आजोबा नारायणराव साताऱ्याकडून इथे कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. वडील अरविंदराव त्याच इंडस्ट्रियल एरियात सुपरवायझर आहेत. पण देवासच्या मराठी घरांत अरविंदरावांचं नाव आहे ते कारखान्यामुळे नाही, वाढपामुळे. गणपतीत समाजाच्या हॉलमध्ये महाप्रसादाच्या पंगती बसतात, आणि त्या दिवशी कमरेला पंचा बांधलेल्या या माणसापुढे अध्यक्षसुद्धा आवाज चढवत नाहीत. वरणाची बादली घेऊन ते पंगतीतून असे जातात की थांबल्यासारखे वाटतच नाहीत. त्यांच्या हातून पानाबाहेर एक थेंब सांडलेला आजवर कुणी पाहिलेला नाही.

त्यांचे नियम कडक. मागायची वेळ येऊ द्यायची नाही. समोरच्या पानावर वाढताना नजर पुढच्या चौथ्या पानावर पाहिजे, तिथे काय संपत आलंय ते आधी कळलं पाहिजे. आणि वाढणाऱ्याने सगळी माणसं जेवून उठल्याशिवाय तोंडात शेवेचा कणही टाकायचा नाही. वाढपी बसणार शेवटच्या पंगतीला. तेव्हा वाढायला कुणी उरलेलं नसतं, म्हणून बादल्या मध्ये ठेवून द्यायच्या आणि ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं. त्या वेळी मात्र अरविंदराव एकदम मवाळ होतात आणि लाजू नका, पोटभर घ्या, म्हणून सगळ्यांच्या मागे लागतात.

गुंजन या शाळेत शिकली. चौथीत असताना मीठ-लिंबाचं ताट तिच्या हातात आलं, मग कोशिंबीर, आणि बारावीनंतर वरणाची बादली. मी स्वतः पंगतीला बसून पाहिलंय. माझ्या पानावर वरण पडत होतं आणि पोरीचे डोळे पार पलीकडे, भात संपत आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पानावर होते. माझ्या पानाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, आणि वरण बरोबर भाताच्या खळग्यात पडलं.

अशी मुलगी बास्केटबॉलमध्ये आली, आणि तिथे तिच्या वाट्याला काय आलं, तर बाक.

आमचे कोच विक्रमसिंह सर. माणूस वाईट नाही. सकाळी टेकडीच्या पायऱ्या मुलींना चढायला लावतात तेव्हा स्वतःही बरोबर चढतात. पण त्यांच्या मते बास्केटबॉल पाचच जणी खेळतात. उरलेल्या सात जणी पाणी द्यायला, टॉवेल द्यायला आणि टाळ्या वाजवायला. प्रॅक्टिसमध्ये त्या सात जणींचा उपयोग एवढाच, की त्यांनी समोरच्या टीमचं सोंग घ्यायचं म्हणजे पहिल्या पाच जणींना सराव होतो. गुंजन तीन वर्षं हेच करत होती. कधी उज्जैनची टीम व्हायची, कधी इंदूरची. स्वतःची टीम ती कधीच झाली नाही.

आता माझ्यासारखीला यातलं काय कळतं, पण एवढं कळतं की रोज तेच पाच चेहरे घामाघूम होतायत आणि बाकीच्या सात जणींचे बूट नव्यासारखे स्वच्छ आहेत. मी एकदा सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, इन सात लड़कियों का क्या अचार डालना हे?"

"मॅडम, जीतना हे के नी?" सर म्हणाले, म्हणजे जिंकायचंय की नाही. "खेलना आ जाए, तो खिला दूँगा."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खेळायला मिळाल्याशिवाय खेळता येणार कसं? स्वयंपाक आला की मग गॅसजवळ जा म्हणण्यातला प्रकार. हे मी त्यांना सुनावलं, तर त्यांनी मला शांतपणे बसचं आणि जेवणाचं बघायला सांगितलं. त्यांचंही एक दुखणं होतं. एका वर्षी त्यांनी बाकावरच्या मुली उतरवल्या, जिंकत आलेली मॅच गेली, आणि त्यावरून त्यांना वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून त्यांचा हात आखडला तो आखडलाच.

गुंजन मात्र कुरकुर करायची नाही, आणि याचाच मला जास्त राग यायचा. बाकीच्या मुली बाकावर वेण्या घालत बसायच्या. ही बाकाच्या अगदी टोकाला, बुटांच्या नाड्या आवळून, डोळे मैदानावर. टाइम-आउटला पहिल्या पाच जणी धापा टाकत आल्या की हिच्या हातातली बाटली कुणी मागायच्या आत तिच्या ओठांशी असायची. आणि बाटली देतादेता ती कानात सांगायची, त्या नऊ नंबरचा डावा हात कच्चा आहे, तिला उजवीकडे जाऊ देऊ नको. आमची कॅप्टन श्रिया, राजगढच्या जैन घरातली उंचपुरी पोरगी, टीमचे निम्मे पॉइंट एकटी करायची. ती सरांइतकंच गुंजनचं ऐकायची. हे सरांना माहीत नव्हतं.

एकदा मी गुंजनला विचारलं की घरी काय म्हणतात. ती म्हणाली, बाबा म्हणतात, तू खेळशील तेव्हा मला बोलव, मी सुट्टी टाकून येईन. एवढं सांगून ती नाडी बांधायला वाकली. नाडी आधीच बांधलेली होती.

तर यंदा धारला महिला कॉलेजांची निमंत्रितांची स्पर्धा भरली. गुंजनचं शेवटचं वर्ष, शेवटची स्पर्धा. इथे नाही उतरली तर अरविंदरावांची ती सुट्टी कायमची शिल्लक राहणार होती.

पहिली मॅच आम्ही मोठ्या फरकाने जिंकली. इतक्या मोठ्या की समोरच्या पोरी हसायला लागल्या होत्या. मी म्हटलं, आता तरी. पण सर हात बांधून उभे, आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत तेच पाच चेहरे. सेमीफायनल तर अटीतटीची झाली, तिथे प्रश्नच नव्हता. जिंकलो, पण आमच्या पाच जणी मैदानाच्या कडेला अक्षरशः आडव्या पडल्या. श्रियाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते आणि ते चोळत कोण बसलं होतं, तर गुंजन.

मग मला राहवलं नाही. मी बाजूला जाऊन अरविंदरावांना फोन लावला आणि उद्या फायनलला या म्हटलं. त्यांनी एकच विचारलं, "खेळणार आहे का ती?"

"हो," मी म्हणाले.

कशाच्या जोरावर म्हणाले ते देवालाच ठाऊक. 

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर फायनल सुरू झाली. समोर धारचीच टीम, म्हणजे आख्खं गाव त्यांच्या बाजूने. मैदानाच्या चारी बाजूंना लोक रेषेला चिकटून उभे. त्या गर्दीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अरविंदराव येऊन उभे राहिले, देवासहून मोटरसायकलवर आलेले, केस धुळीने पिंगट झालेले. त्यांनी आधी मैदानावर पाहिलं, मग बाकावर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी घाईने पाण्याच्या बाटल्या मोजायला लागले.

आणि धारची टीम काय विचारता. त्यांचे कोच एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे सर, ते कारखान्यात शिफ्ट बदलावी तशा पोरी बदलत होते. चार मिनिटं झाली की दोघी बाहेर, दोघी आत. त्यांच्या सगळ्याच्या सगळ्या मुली खेळत होत्या आणि कोण पहिली, कोण बाकावरची, हे शेवटपर्यंत कळेना. आमच्या पाच जणी कालच्याच थकलेल्या पायांवर पळत होत्या. हाफटाइमपर्यंत आम्ही कसंबसं बरोबरीत राहिलो. तिसऱ्या क्वार्टरला पाय बोलायला लागले. आम्ही मागे पडत चाललो आणि त्यातच आमच्या एकीचा पाय मुरगळला.

सरांनी वळून बाकाकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिथून कुणीतरी हवं होतं. गुंजन उभीच होती. ती कधी उठली ते मलाही कळलं नाही. सर म्हणाले, "जा." मी अरविंदरावांकडे पाहिलं. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

आणि मग मी जे पाहिलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. पोरीच्या हातात बॉल आला, ती पाहतेय डावीकडे आणि बॉल गेला उजवीकडे, बास्केटखाली श्रियाच्या हातात. पॉइंट झाले. पुन्हा बॉल आला, पुन्हा नजर एकीकडे, बॉल दुसरीकडे, आणि जिथे गेला तिथे आमचीच मुलगी मोकळी उभी. कुणाला कधी काय हवंय ते हिला आधी कळत होतं. धारच्या मुलींची चाल तर तिला पाठ होती, कारण प्रॅक्टिसमध्ये ती आठवडाभर धारची टीमच झाली होती. मेलेल्या पायांत जीव आला. फरक कमी व्हायला लागला. मी खुर्चीवर चढून ओरडत होते, आणि रेफरीने येऊन मला सांगितलं की मॅडम, नीचे उतरिए. मी उतरले आणि खालून ओरडले.

पण घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. गुंजन स्वतः बास्केटकडे बॉल टाकेचना. समोर कुणी नाही, बास्केट हाकेच्या अंतरावर, आणि ही बॉल दुसरीला देतेय. एकदा झालं, दोनदा झालं. पांढऱ्या मिशांच्या सरांनी ते हेरलं. त्यांनी आपल्या पोरींना काहीतरी खूण केली आणि गुंजनला सगळ्यांनी मोकळं सोडून दिलं. तिच्यासाठी ठेवलेली मुलगीही श्रियावर गेली. आता श्रियाभोवती दोघी-दोघी, आणि गुंजन एकटी, रिकाम्या मैदानात. तरीही तिने बॉल त्या गर्दीतच दिला. तो हिसकावला गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते की अगं टाक, तू टाक. माझं ओरडणं तिच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं.

शेवटच्या क्वार्टरला श्रियाचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल म्हणजे बाहेर. आम्ही चार पॉइंटांनी मागे, आणि पॉइंट करणारी एकुलती एक मुलगी बाहेर. सरांनी टाइम-आउट घेतला. श्रियाच्या जागी कुणी नेहमीची उरलीच नव्हती, म्हणून दुसऱ्या वर्षाची वेदिका, जिने या स्पर्धेत बॉलला हात लावला नव्हता, तिला त्यांनी तयार व्हायला सांगितलं. आणि मग म्हणाले, गुंजनलाही काढतो, ही बास्केटकडे बघतच नाही, हिच्याने होणार नाही. गुंजन मान खाली घालून ऐकत होती. श्रिया टॉवेलने तोंड पुसत होती, तिने टॉवेल बाजूला केला.

"सर, इसको मत निकालो," ती म्हणाली. "पूरा गेम इसी ने बनाया हे."

सर घुटमळले. तेवढ्यात बाकामागून कुणीतरी बोललं. अरविंदराव रेषेपर्यंत आले होते. त्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण मुलगी काय करतेय ते या मैदानावर त्यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं, कारण शिकवलेलं त्यांचंच होतं. मराठीत बोलले, त्यामुळे सरांना काही समजलं नाही आणि धारच्या लोकांनाही नाही.

"गुंजन, सगळे जेवून उठले," ते म्हणाले. "आता शेवटची पंगत. आपल्या हाताने वाढून घे."

गुंजनने वर पाहिलं. बापलेकीची नजरानजर झाली. तिने मान हलवली. शिट्टी वाजली. सरांनी तिला काढलं नाही.

पहिला बॉल आला. ती मोकळी. तिने टाकला. बॉल रिंगवर आदळून बाहेर पडला, धारच्या मुलींनी उचलला आणि पलीकडे जाऊन पॉइंट केले. आता सहाने मागे. सरांनी डोक्याला हात लावला. मी अरविंदरावांकडे पाहायचं धाडसच केलं नाही. दुसऱ्यांदा बॉल तिच्याकडे आला, पुन्हा तीच मोकळी जागा. तिने घेतलेला दम मला इथून दिसला. टाकला. आत. पुढच्या वेळी पुन्हा टाकला, पुन्हा आत. आता पांढऱ्या मिशा थरथरल्या, कारण हिला मोकळं सोडणं परवडणार नव्हतं. दोघी धावून हिच्यावर आल्या, आणि त्या आल्याबरोबर बास्केटखाली वेदिका मोकळी झाली. गुंजनने न पाहता बॉल तिला दिला. वेदिकाने, त्या भेदरलेल्या पोरीने, डोळे मिटल्यासारखे करून टाकला आणि तो गेला. बरोबरी. वेदिका जागच्या जागी उड्या मारायला लागली, तिला खेचून परत आणावं लागलं.

धारच्या एकीला फ्री थ्रो मिळाला, त्यांचा एक पॉइंट वाढला. वेळ संपत आलेली. बॉल गुंजनकडे. माझा जीव टांगणीला. ती बास्केटकडे निघाली, तिघी तिच्यावर धावल्या, आणि तिने नजर पलीकडच्या टोकाला टाकली, जिथे वेदिका हात पसरून उभी होती. मला वाटलं, दिला. सरांना वाटलं, दिला. धारच्या तिन्ही मुलींना वाटलं, आणि त्या वेदिकाकडे वळल्या. मी ती नजर ओळखत होते. चौथ्या पानावर नजर आणि पळी जवळच्या पानावर. फक्त आज ते जवळचं पान तिचं स्वतःचं होतं. बॉल तिच्या हातातून सुटला, बोर्डला हलकेच टेकला आणि जाळीतून खाली आला. शिट्टी वाजली.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी विक्रमसिंह सरांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत होते, ते चिडले नाहीत, आणि पोरी एकमेकींच्या अंगावर ढीग होऊन पडल्या होत्या. त्या ढिगात पहिल्या कुठल्या आणि बाकावरच्या कुठल्या, ते ओळखू येत नव्हतं. थोड्या वेळाने सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले की पुढच्या वर्षी पहिल्या मॅचपासून बाराही जणी खेळतील. मी म्हटलं, लिहून द्या. ते हसले. मी हसले नाही. माझं त्यांच्यावर लक्ष आहे.

श्रिया सूर्यास्तानंतर जेवत नाही, म्हणून यजमानांनी दोन्ही टीमची पंगत उजेड असतानाच मांडली होती. बाजूच्या मांडवात सतरंज्या, पत्रावळी, दाल, कणकेचे उकडून भाजलेले बाफले आणि लाडू. आमच्या मुली हुश्श करून बसल्या आणि गुंजन सवयीने लिंबाच्या ताटाकडे वळली. अरविंदरावांनी तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

"आज तू पहिल्या पंगतीला," ते म्हणाले.

मग त्यांनी बाह्या सरसावल्या, रुमाल कमरेला खोचला आणि दालची बादली उचलली. यजमान धावत आले, भिया आप मेहमान हो, म्हणत बादली ओढायला लागले. अरविंदरावांनी ऐकलं नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली. लेक मध्ये बसली आहे म्हणून त्यांनी एकही पान ओलांडलं नाही. आधी श्रिया, मग वेदिका, मग मुरगळलेल्या पायाची ती मुलगी, मग धारच्या पोरी. सगळ्यांचं वाढप नेहमीसारखं स्वच्छ, मापात, न थांबता. गुंजनच्या पानाशी आले आणि थांबले. अरविंदरावांना पंगतीत थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी पळी भरून तिच्या बाफल्यांवर ओतली. मग आणखी एक. मग आणखी एक. गुंजन बाबा पुरे, बाबा पुरे, म्हणत राहिली आणि त्यांचा हात थांबेना. दाल पत्रावळीच्या कडेवरून वाहून सतरंजीवर सांडली.

अरविंदरावांच्या हातून सांडलेलं देवासमध्ये आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, आणि गणपतीत समाजाच्या भर पंगतीत मी ते सगळ्यांना सांगणार आहे.